दांडा उघडा असेपर्यंत

सोमवार, संध्याकाळ

पोहोचलो. बसने साडेसहा तास, रिक्षाने पाऊण तास आणि शेवटचा एक किलोमीटर पायी, कारण या लॉजच्या आवारात वाहन आणू देत नाहीत. सामान हातगाडीवरून आले. वहिनी हातगाडीच्या मागून चालत होती. म्हणाली, "वन्सं, गाडीवर आपण बसायला हवं होतं. सामान आपल्यापेक्षा नवीन आहे."

पूर्वपीठिका दिल्याशिवाय मला कोणताही विषय सुरू करता येत नाही. चौतीस वर्षे भूगोल शिकवल्याचा हा परिणाम आहे, आणि दैनंदिनी दुसरे कोणी वाचणार नसले तरी तो टळत नाही. तेव्हा लिहिते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची पत्नी. सदतीस वर्षे आम्ही एका घरात राहिलो. मी लग्न केले नाही. दादाने कधी विचारले नाही आणि वहिनीने कधी सुचवले नाही. दादाला जाऊन चौदा महिने झाले. माझा भाचा राजा, म्हणजे वहिनीचा एकुलता एक मुलगा, परदेशात स्थिरावला आहे. आईने कायमचे त्याच्याकडे राहायला यावे, असे त्याचे म्हणणे आहे. त्यासाठी अकरा पानांचा एक अर्ज आहे, त्यावर वहिनीच्या चार सह्या हव्या आहेत, आणि पुढच्या सोमवारी तो अर्ज दाखल व्हायला हवा. सह्यांच्या जागी मी पेन्सिलीने बारीक फुल्या करून ठेवल्या आहेत.

घरात तिच्याकडून सही होत नव्हती. दादाची खुर्ची, दादाचा चष्मा, दर वस्तूपाशी ती थबकते, असे माझे अनुमान आहे. म्हणून मी विचारपूर्वक हे ठिकाण निवडले. शांत जागा, मोकळी हवा, हाती आठ दिवस. निर्णय घेण्यास याहून अनुकूल परिस्थिती असू शकत नाही.

एकतीस वर्षांपूर्वी आम्ही येथे आलो होतो तेव्हा लॉज नव्हते. एका होडीवाल्याच्या घरामागच्या दोन खोल्या होत्या. त्यात दादा, वहिनी, पाच वर्षांचा भाचा आणि मी. आता तो होडीवाला नाही. त्याची सून हे लॉज चालवते आणि मुलगा होडी. मातीच्या सहा खोल्या, वर माडाच्या झावळ्यांचे छप्पर. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर फट मुद्दाम ठेवली आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि त्या फटीतून बाहेर पडते, मग तिची जागा घ्यायला खिडकीतून समुद्राकडची गार हवा आत येते. इतकी सुंदर रचना मी पाठ्यपुस्तकातल्या आकृतीतही पाहिली नव्हती. वहिनीला हे सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पंखा नाही."

मंगळवार

पहाटे सहाला किनाऱ्यावर गेले. समोरचा खडक जागच्या जागी आहे. आम्ही त्याला कासव म्हणायचो. किनाऱ्यापासून खडकापर्यंत वाळूचा एक दांडा आहे. भरतीत तो पाण्याखाली असतो आणि ओहोटीत उघडा पडतो. आज तो साडेसहाला दिसू लागला, आठ वाजता पाणी सर्वांत मागे होते आणि साडेनऊला दांडा पुन्हा बुडाला. ओहोटीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्या हिशेबाने आठवड्याभराचे कोष्टक मी मागच्या पानावर आखून घेतले.

याच वाळूत बसून मी भाच्याला भरती-ओहोटी शिकवली होती. लिंबू म्हणजे पृथ्वी, गोटी म्हणजे चंद्र, आणि सूर्य म्हणून दादाचे टक्कल. दादा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. त्याला आपण सूर्य झाल्याचा पत्ताही नव्हता. भाचा इतका हसला की त्याला उचकी लागली. वहिनी जरा पलीकडे शिंपले वेचत होती. ती कधी धड्याला येऊन बसली नाही. तिला या विषयात रस नाही हे मी तेव्हाच ओळखले, आणि तिच्यावर कधी सक्तीही केली नाही. बोलले मात्र तिच्यासमोरच, कारण घरात दुसरे कोणी नसायचे.

येथील शौचालय कोरडे आहे. पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा. दाराशी लॉजवाली भेटली, तेव्हा भुशामुळे दुर्गंधी का येत नाही आणि वर्षभरात त्याचे खत कसे होते, हे मी तिला क्रमवार सांगितले. तिला हे ठाऊक असणार, पण कारणासकट ठाऊक असेलच असे नाही. ती म्हणाली, "बाई, दारावरची पाटी तुमच्याकडूनच लिहून घ्यायला हवी होती." तेवढ्यात मागून वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचा धडा संपला असेल तर मला आत सोडा. माझा विषय तातडीचा आहे."

संध्याकाळी अर्जाचे पाकीट पिशवीतून काढले होते. वहिनी पायरीवर बसून समुद्राकडे पाहत होती. तिची तंद्री मोडणे योग्य वाटले नाही. उद्या सकाळी, मन ताजे असताना पाहू.

गुरुवार

काल लिहिले नाही. काल काहीच घडले नाही, आणि ते अतिशय उत्तम रीतीने घडले नाही. दोन माडांना बांधलेल्या जाळीच्या झोळीत मी दुपारभर पडून होते. झोळीतून उतरण्याची पद्धत मला माहीत नव्हती, म्हणून ठरवले होते त्यापेक्षा तास दीड तास जास्त पडून राहिले. वहिनी दोनदा येऊन पाहून गेली. तिसऱ्यांदा हात दिला.

आज नाश्त्याच्या वेळी लॉजवालीने विचारले, "दोघी बहिणी का?"

"नणंद-भावजय," वहिनी म्हणाली.

"आणि अजून बोलता एकमेकींशी?"

"या बोलतात. मी ऐकते."

दोघी बराच वेळ हसत होत्या. त्यात इतके हसण्यासारखे काय होते ते मला समजले नाही, पण वहिनीला असे हसताना चौदा महिन्यांत पाहिले नव्हते. जागेचा गुण आहे.

त्या वातावरणाचा लाभ घेऊन मी विषय काढला. भाच्याच्या गावातली इस्पितळे, त्याच्या घरातली पूर्वेकडे तोंड असलेली खोली, नातीचा सहवास, हे सर्व फायदे पुन्हा एकदा नीट मांडले. हिवाळ्यातल्या थंडीचा मुद्दाही लपवला नाही. बाजू दोन्ही सांगायला हव्यात. माझी चिंता नको, हेही सांगितले. मी एकटीची तयारी सुरू केली आहे. एका कपाच्या चहाला पाणी किती, साखर किती, हे गेल्या महिन्यात ती बाजारात गेली असताना मोजून पाहिले. दोन वेळा चुकले. पाणी बरोबर येते, पण चहा दोन कपांचाच होतो, हे कसे ते अजून कळलेले नाही. हे ऐकून वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. खाऱ्या वाऱ्यात झोप छान लागते.

पाकीट पिशवीतच राहिले.

शुक्रवार

फोन फक्त फाटकाजवळच्या झाडाखाली लागतो. भाच्याचा आला. "आत्या, आईची सही?" मी म्हटले, होईल. सोमवार लक्षात ठेव, असे त्याने तीनदा बजावले. बिचारा कामात बुडालेला असतो.

परत आल्यावर वहिनीने विचारले, "काय म्हणाला?"

मी सविस्तर सांगितले. बालवाडी दूर आहे, सूनबाईची कामाची वेळ बदलली आहे, नातीला सोडायला आणि आणायला घरचे माणूस हवे आहे.

"माझी आठवण येते असं म्हणाला का?"

"त्या शब्दांत नाही. पण तुझा तिथे उपयोग आहे, हे त्याच्या बोलण्यावरून अगदी स्पष्ट होतं."

"उपयोग आहे म्हणजे चांगलंच की," ती म्हणाली.

मी हे संमतीचे पहिले स्पष्ट चिन्ह समजते. इतक्या दिवसांच्या प्रयत्नांना यश येत असताना आनंद व्हायला हवा. आज जेवण मात्र गेले नाही. कदाचित ऊन लागले असेल.

शनिवार, दिवेलागण

आज जे घडले त्याचा दोष माझ्याकडे आहे आणि मी तो क्रमाने मांडणार आहे.

कोष्टकाप्रमाणे आजची ओहोटी अकरा वीसला होती. कासवावर जाऊन यावे, असे वहिनीनेच सुचवले. निघताना लॉजवाली म्हणाली, "आज जाताय तर लगेच परता, बाई. आज दांडा फार वेळ उघडा राहायचा नाही." मी तिला म्हटले की हे मला माहीत आहे, मी ते चौतीस वर्षे शिकवले आहे. दहा पन्नासला आम्ही दांड्यावरून पलीकडे गेलो. वाळू घट्ट होती, कडेला घोट्याएवढे पाणी होते.

खडकावर छत्री उघडून बसलो. दादा येथे बसून गळ टाकायचा आणि त्याला कधी काही लागायचे नाही. मासे लागत नाहीत म्हणून तो माशांना नावे ठेवायचा, "हा हेडमास्तर असणार, आमिष बघून नियम सांगतोय." त्या आठवणीवर आम्ही दोघी हसलो. मग मी सहज म्हटले की मंगळवारी दांडा तीन तास उघडा होता, आज जेमतेम तासभर असेल.

"असं का हो?" वहिनीने विचारले.

सदतीस वर्षांत तिने मला विषयातला प्रश्न विचारल्याचे आठवत नाही. मी छत्री तिच्या हाती दिली, कारण मला दोन्ही हात लागतात. पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत असतात, दोघांची ओढ एकत्र येते, म्हणून उधाणाची भरती, आणि ओहोटीही तशीच खोल. त्यानंतर आठवड्याने सूर्य आणि चंद्र काटकोनात येतात, एकाची ओढ दुसऱ्याच्या आड येते. ही भांगेची भरती. या दिवसांत पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. म्हणून दांडा उघडा पडला तरी लवकर बुडतो. तिने आणखी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक. फार चांगले प्रश्न होते. शेवटच्या उत्तरानंतर मी प्रात्यक्षिक म्हणून दांड्याकडे बोट केले आणि मागे वळले. दांडा नव्हता.

पाणी गुडघ्याच्या वर असावे आणि त्याला ओढ होती. आमच्या वयात त्यात उतरणे शहाणपणाचे नव्हते. वहिनी तर पूर्ण वेळ दांड्याकडेच तोंड करून बसली होती. पाणी चढताना तिच्या लक्षात कसे आले नाही, याचे मला अजून नवल वाटते.

"आता?" मी विचारले.

"आता काही नाही. होडी परतेल तेव्हा दिसू आपण. बसा," ती म्हणाली, आणि तिने पिशवीतून पाण्याची बाटली, दोन केळी आणि माझी गोळ्यांची डबी काढली. अर्ध्या तासाच्या फेरफटक्याला तिने इतकी तयारी का केली होती, हे विचारायचे राहून गेले.

मी माझ्या हलगर्जीपणाबद्दल क्षमा मागू लागले, तर तिने मध्येच थांबवले. "लिंबू म्हणजे पृथ्वी," ती म्हणाली. "गोटी म्हणजे चंद्र. चंद्राच्या बाजूचं पाणी फुगतं, आणि विरुद्ध बाजूचंही फुगतं. विरुद्ध बाजूचं का फुगतं हे मुलं हमखास चुकतात, म्हणून ते दोनदा सांगायचं." त्यानंतर तिने नदीची तीन रूपे सांगितली, वाऱ्याचे कार्य सांगितले, हिमनदी सांगितली. माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमाने, जेथे मी थांबते तेथे थांबत.

मी विचारले, "हे तुला कसं येतं?"

"बाहेरच्या खोलीत तुम्ही वीस वर्षं शिकवण्या घेतल्यात. मी पडद्यामागे स्वयंपाक करत होते. कानात बोळे घालून करत होते का? हिमनदी आली की कुकरची दुसरी शिट्टी व्हायची. एकदा तुम्ही तापानं पडलात, शिकवणी झाली नाही. त्या दिवशी माझा भात करपला."

"मग कधी बाहेर येऊन का नाही बसलीस?"

"बोलावलंत कधी?"

समुद्राचा आवाज बराच मोठा होता.

नंतर ती म्हणाली, "तिकडे गेल्यावर मला कोण सांगणार वारे कुठून येतात ते?" मी म्हटले की तिकडची ग्रंथालये अतिशय समृद्ध आहेत. यावर ती हसली, आणि मग हसायची थांबली. पाण्याकडे पाहत म्हणाली, "वन्सं, राजाचं पहिलं पत्र आलं तेव्हापासून तुम्ही मला जाण्याचे फायदे सांगताय. सुरुवातीला वाटलं, माझ्या भल्यासाठी. मग वाटलं, यांना घर मोकळं हवं असेल. सदतीस वर्षं भावाचा संसार डोक्यावर घेतला, आता कुठे सुटका. तसं असेल तर तसं सांगा. मी राग नाही मानणार. सही करून मोकळी होईन. पण फायदे नका सांगू आता, कंटाळा आलाय मला त्यांचा."

मला धक्का बसला, असे लिहिणे कमी पडेल. मी उत्तराची मांडणी सुरू केली. पहिला मुद्दा असा की आईवर पहिला हक्क मुलाचा. दुसरा मुद्दा असा की तिला थांबवण्यात माझा स्वार्थ आहे, आणि स्वार्थ असलेल्या माणसाने सल्ला देताना आपल्या सोयीच्या उलट बाजूने बोलावे म्हणजे तोल राखला जातो. तिसरा मुद्दा मला आठवेना.

"तुमचा स्वार्थ आहे?" तिने विचारले.

"अर्थातच आहे."

"कोणता?"

हे सांगायला मी तोंड उघडले, आणि लॉजवालीच्या नवऱ्याने होडीतून हाक मारली. दुपारचे साडेतीन झाले होते. हात देऊन आम्हाला उतरवून घेताना तो म्हणाला, "मोठ्या बाईंनी वेळा लिहून ठेवल्यात म्हणे, मग म्हटलं काळजी नाही." वहिनीने त्याला सांगितले, "वेळा बरोबर होत्या हो. धडा लांबला."

आता खोलीत आलो आहोत. सौरदिवा लावला आहे. वहिनीने हातपाय धुतले, माझ्या पिशवीतून पाकीट स्वतः काढले, चष्मा लावला आणि पेन्सिलीच्या चारही फुल्या शोधल्या. मग हात पुढे करून म्हणाली, "पेन द्या."

आमच्या दोघींत एकच पेन आहे आणि त्याने मी हे लिहीत आहे. मी तिला म्हटले, नोंद पूर्ण होऊ दे. ती समोर बसली आहे. आजची नोंद नेहमीपेक्षा मोठी झाली आहे, कारण तपशील महत्त्वाचे आहेत. दिव्याभोवती तीन किडे आहेत. भिंतीचा लेप शेण-मातीचा दिसतो, त्यात भाताचा तूस मिसळला असावा. तुसामुळे तडे जात नाहीत. वारा पडला आहे. दिवसाचे खारे वारे थांबून रात्रीचे मतलई वारे सुरू होण्याआधी असा एक काळ येतो, जेव्हा हवा कोणत्याच बाजूला वाहत नाही. ती अजून बसली आहे. छपराला बावीस वासे आहेत.

वहिनी आता म्हणाली, "लिहा निवांत. माझी घाई नाही." कागद तिने उशाखाली ठेवले आणि आडवी झाली. मी आणखी थोडे लिहिते.

रविवार

सकाळी नऊला भाच्याचा फोन यायचा होता. मी फाटकाकडे निघाले तेव्हा वहिनी बरोबर आली. वाटेत म्हणाली, "त्याच्याशी मी बोलणार नाही. तुम्हीच बोला. तुम्ही जे सांगाल ते मी करीन." मी म्हटले, हा निर्णय तुझा आहे. ती म्हणाली, "माझा झालाय. तुमचा ऐकायचाय."

झाडाखाली उभी राहिले. काय बोलायचे याची मनात उजळणी केली. प्रस्तावना, दोन बाजू, निष्कर्ष. वहिनी दोन पावलांवर उभी होती आणि माडांकडे पाहत होती.

"आत्या, झाली सही?"

"नाही."

"अगं, उद्या शेवटचा दिवस आहे. पेन नाही का तिकडे?"

"पेन आहे. अर्ज पाठवायचा नाही. उन्हाळ्यात ती दोन महिने तुझ्याकडे राहून जाईल. नातीसाठी येईल. कायमची नाही."

"आई असं म्हणाली?"

"मी म्हणते आहे."

तो थोडा चिडला. चिडणे साहजिक होते. "इतके महिने तूच तिला समजावत होतीस ना? मला पानंच्या पानं लिहून पाठवलीस, आई इकडे का यायला हवी म्हणून. एकही मुद्दा खोटा होता का त्यातला?"

"नाही. सगळे बरोबर आहेत."

"मग कारण काय?"

तो प्रश्न योग्य होता. माझ्या वर्गात कोणी कारणाशिवाय उत्तर लिहिले तर मी अर्धे गुण कापत असे. मी हवामानाचा मुद्दा आठवून पाहिला, वयाचा पाहिला, घराच्या देखभालीचा पाहिला. प्रत्येक मुद्द्याला त्याच्याकडे उत्तर आहे हे मला माहीत होते, कारण ती उत्तरे मीच त्याला लिहून दिली होती.

"मला ती घरात हवी आहे," मी म्हणाले.

वहिनी फाटकालगतच्या दगडी कट्ट्यावर जाऊन बसली. इतका वेळ उभी राहून तिला दम लागला असावा. फोनमध्ये बराच वेळ काही ऐकू आले नाही. सिग्नल गेला असेल असे मला वाटले, म्हणून तेच वाक्य मी पुन्हा एकदा, अधिक मोठ्याने आणि सावकाश म्हटले.